मागे न पाहता

माझा धाकटा भाऊ पौषात गेला. केडगावला एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर काम करायचा आणि संध्याकाळी मोटरसायकलवरून गावी परतायचा. पुणे रस्त्यावर मागून आलेल्या ट्रेलरनं त्याला उडवलं. मला श्रीरामपूरला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते. फोन ठेवल्यावर हातातल्या पुस्तकाचे उरलेले शिक्के मी पुरे केले आणि मग उठले. असं का केलं, कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. कोणी विचारलंही नाही.

आमचं घर गावाबाहेर, वावरात आहे. घरामागे आमची ज्वारीची जमीन. जमीन संपते तिथे बांध आणि बांधापलीकडे माळ सुरू होतो. माळावर कुसळी गवत, तरवडाची झुडपं, मधूनच एखादी बाभूळ. बांधापासून हाकेच्या अंतरावर एक सपाट दगड आहे. भाऊ कामावरून आला की हातपाय धुऊन त्या दगडावर जाऊन बसायचा, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळते. तिथून मला रोज फोन.

"काय मॅडम, पुस्तकं चरून आली का?"

"आली."

"मोजून घेतली ना? एखादं मागं राह्यलं असंल."

हा त्याचा ठरलेला विनोद होता. मी हसायचे, कधी हसायचे नाही. तो गेल्यानंतर संध्याकाळी त्या वेळेला फोन वाजला नाही की मला कळायचं नेमकं काय वाजलेलं नाही. तेवढंच कळायचं. बाकी काही जाणवत नव्हतं. जेवणाला चव लागत नव्हती. आई काय वाढते आणि मी काय खाते याचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे होते. समोरच्या लिंबावर बसून होते, पण एकही खाली येईना. लोक मग बोलू लागले. अमुक करू, तमुक करू, तुझं राहिलेलं सगळं करू. चुलते म्हणाले, "वावरात मेंढरं बसवायची हुती त्याला. बसवू रं बाबा, बसवू." कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. लोक अंघोळ करून निघाले. आई पिंडाकडे बघत बसली होती. मी तिला दंडाला धरून उठवलं. ती म्हणाली, "उपाशी गेला." पुढे कितीतरी दिवस ती याखेरीज फारसं काही बोलली नाही.

तेराव्यानंतर आईनं ताट न्यायला सुरुवात केली. स्टीलचं ताट, त्याच्या बारशाला आलेलं, काठावर त्याचं नाव कोरलेलं. दिवस मावळायला ती त्याला आवडायचं ते त्यात वाढायची: भाकरी, अंड्याचा रस्सा, सुक्या बोंबलाची चटणी, रविवारी मटणाच्या फोडी. बांध ओलांडून त्या सपाट दगडावर ताट ठेवायची, भोवती पाणी फिरवायची, हात जोडायची आणि वळायची. आमच्याकडे गेलेल्या माणसाला असं काही ठेवलं की मागे वळून पाहत नाहीत. पाहिलं तर तो जेवत नाही, आणि त्याचा पाय आपल्यात अडकून राहतो, असं मानतात. आई मान ताठ ठेवून घरापर्यंत यायची. सकाळी ताट आणायला जायची.

पहिल्या दोन-चार दिवसांत ताट तसंच असायचं, मुंग्या लागलेलं. मग एका सकाळी ती बांधावरून भराभर चालत आली. ताट माझ्यासमोर धरलं. रश्श्याचा डागसुद्धा शिल्लक नव्हता.

"जेवला," ती म्हणाली.

मला वाटलं, गावातलं कुत्रं असेल. मी तसं म्हटलं नाही. आई त्या दिवशी चुलीपुढं बसून थोडं खाऊ शकली. मी रजा वाढवून घेतली.

फाल्गुनात ज्वारी निघाली, कडबा रचून झाला, वावर मोकळं झालं. मग एका सकाळी मेंढरांचा आवाज आला. दर वर्षी याच सुमाराला एक मेंढपाळ आमच्या वावरात मेंढ्या बसवायला यायचा. दिवसभर मेंढ्या माळावर चरतात आणि मुक्कामाला वावरात. दोरीच्या जाळीचं कुंपण रोज थोडं पुढे सरकवत नेतात, म्हणजे सगळ्या जमिनीला खत मिळतं. हा व्यवहार भावानं जमवला होता. मेंढपाळाशी त्याची दोस्ती होती. मेंढपाळ या वर्षी प्रथमच बायको आणि लहान मुलीला घेऊन आला होता. मुलगी चालायला लागून फार दिवस झाले नसावेत. घोड्यावरच्या बोजात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ती बसलेली होती.

मेंढपाळानं अंगणातूनच आवाज दिला. "मालक हायेत का घरात? फोन उचलंनात. लई मोठी मानसं झालीत म्हनावं!"

मी ओट्यावर होते. आई दारात आली. तो आईच्या कपाळाकडे बघायला लागला. कपाळाचा काही उपयोग नव्हता, वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. शब्द बरोबर लागले, क्रमही बरोबर होता. तो खाली बसला. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"दिवाळीला बोलनं झाल्तं," तो म्हणाला. "म्हनला, औंदा लवकर ये, आन पोरगीला घिऊन ये."

आई म्हणाली, "वावर मोकळं हाय. बसवा मेंढरं. त्यानं सबूद दिला हुता."

त्यांनी बांधाच्या अलीकडे, बाभळीखाली पाल ठोकलं. तिथून सपाट दगड समोर दिसायचा. आई ताट नेते ते त्यांना दिसायचं, पण नैवेद्य समजून त्यांनी कधी विचारलं नाही. मेंढपाळाची बायको हसऱ्या तोंडाची, तोंडानं तिखट. नवऱ्याला ती दिवसभर काही ना काही सुनवायची. "मेंढरं मोजतोस तशी कदी भाकरी मोजून खा की." मुलीला पायात घुंगराचे वाळे घातले होते, कुठे गेली ते कळावं म्हणून. ती वाळे वाजवत आमच्या ओट्यापर्यंत यायची आणि आईपुढे हात करायची. आई गुळाचा खडा द्यायची. द्यायची म्हणजे हातावर ठेवायची. तिच्याकडे बघायची नाही.

काही दिवसांनी मेंढपाळ ओट्यावर पाणी प्यायला टेकला असताना म्हणाला, "ताई, हतं लांडगा हाय एक. काय तरी येगळंच हाय त्येचं."

माळावर लांडगे असतात हे आम्हाला नवीन नव्हतं. एखादं कोकरू जातं, मेंढपाळ ओरडतात, कुत्री धावतात, लांडगा पळतो. माणसाची चाहूल लागली की तो माळात विरघळल्यासारखा नाहीसा होतो. लहानपणापासून मी लांडगा पाहिला होता तो असाच, जाताना.

"येगळं म्हणजे?"

"मेंढराकडं बघतच न्हाई. दिस मावळायला येतंय, दगडापल्याड बसतंय आन मानसाकडं बघतंय. मी काठी उगारली तर जांभई दिली त्येनं."

"तुला बघून जांभई न्हाई तर काय दील?" पालातून बायको म्हणाली.

तो हसला नाही. "पिसाळल्यालं नसंल ना?"

आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही.

त्याच आठवड्यात आईला ताप आला. संध्याकाळी अंथरुणातून उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, मी नेते. तिनं मला पुन्हा पुन्हा बजावलं. पाणी फिरव, हात जोड, वळ. मागं बघू नको.

ऊन उतरलं होतं, उजेड भरपूर होता. मी ताट दगडावर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मनात म्हणायला काही नव्हतं. वळले आणि चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर मागे आवाज झाला. दगडावर स्टील सरकल्याचा. मी वळून पाहिलं. मी मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. आवाज आला की माणूस बघतो, तसं बघितलं.

लांडगा ताटात तोंड घालून उभा होता. वाळलेल्या गवताचा रंग, पाय उंच, पोट आत गेलेलं, एका कानाचा तुकडा नसलेला. त्यानं मान वर केली. आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर असेल. तो पळेल म्हणून मी वाट पाहिली. तो पळाला नाही. भाकरी तोंडात घेऊन त्यानं ती गिळली आणि माझ्या हाताकडे पाहू लागला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मग तो दगडावरून खाली उतरला आणि माझ्या दिशेनं आला. सावकाश, माझ्या हातावरची नजर न काढता.

आमच्या ग्रंथालयात वन्यप्राण्यांवरची थोडी पुस्तकं आहेत. कोणी नेत नाही म्हणून मीच वाचलेली. त्यात काय लिहिलं होतं ते मला त्या क्षणी पानासकट आठवलं. धावू नका. पाठ दाखवू नका. अंग मोठं करून दाखवा, आवाज करा, त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरका. निरोगी लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. ज्याला माणसाकडून खायला मिळायची सवय लागली, त्याचं मात्र सांगता येत नाही. मी ओढणी दोन्ही हातांनी वर धरली. ओरडायला गेले तर आवाज निघाला नाही. लोकांना हळू बोला म्हणण्यात माझी सगळी नोकरी गेली. शेवटी मी तांब्यावर बांगड्या आपटल्या. लांडगा थबकला. मी खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तेव्हा तो दोन पावलं मागे गेला आणि बसला. मी बांधापर्यंत उलटी चालत आले. दोनदा ठेचकाळले.

मला भीती वाटली नाही. छातीत धडधड नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मी बांधावर थोडा वेळ बसून राहिले.

घरी येऊन आईला सांगितलं, ताट लांडगा खातो. काय पाहिलं ते सगळं सांगितलं. ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून ऐकत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"तू मागं बघितलंस?"

"आई, तो माझ्यामागे आला."

"बघायचं नसतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

ताप उतरल्यावर ती स्वतः ताट घेऊन निघाली. मी बांधापर्यंत सोबत गेले. पुढे तिनं येऊ दिलं नाही. तिनं ताट ठेवलं, हात जोडले, वळली. लांडगा तरवडाच्या आडून आला. आधी ताटाकडे गेला नाही. आईच्या मागे आला, तिच्या पाठीपासून थोडं अंतर ठेवून, ओळखीच्या वाटेनं चालावं तसा. आईची मान ताठ. मी ओरडले, "आई, मागे!" ती माझ्याकडे बघत चालत राहिली. बाभळीच्या सावलीपर्यंत सोबत आल्यावर लांडगा थांबला. तिथे मेंढपाळाचं पाल होतं, मुलगी जमिनीवर बसून एक मोकळा डबा वाजवत होती. त्यानं तिकडे थोडा वेळ पाहिलं. मग परत फिरून ताटाकडे गेला. मेंढपाळाची बायको पालात होती. तिला दिसलं नाही.

मी त्या रात्री आईशी पुन्हा बोलले. सांगितलं, पोरगी लहान आहे, अंतर रोज कमी होतंय. ती म्हणाली, "इतके दिस आलं, कुनाला काय केलं त्यानं?" मी मेंढपाळाच्या बायकोला सकाळी सांगून ठेवलं, मुलीला एकटं सोडू नका, लांडगा धीट झालाय. कशानं झालाय ते माझ्या तोंडून निघालं नाही. आईनं सांगायला हवं होतं असं मला वाटत होतं.

त्याच दिवशी ते घडलं. दिवस कलला होता. मेंढपाळ मेंढ्या आणि कुत्री घेऊन माळाच्या लांबच्या अंगाला गेला होता. त्याची बायको आमच्या हौदावर कळशी भरायला आली. मुलगी झोपली होती म्हणून तिला पालात ठेवून आली. हौद ते पाल हे अंतर एका श्वासाचं. आई ओट्यावर ताट वाढून निघायच्या बेतात. मी तिच्याशेजारी.

वाळे वाजले. मुलगी उठून पालाबाहेर आली होती. तिच्या हातात पत्र्याची थाळी, थाळीत सकाळची भाकरी. ती बाभळीखाली बसली आणि खायला लागली. लांडगा बांधावरून उतरला. पळत आला नाही. मघाचपासून बोलावणं असल्यासारखा सरळ तिच्याकडे आला. मुलीनं त्याला पाहिलं आणि भाकरीचा तुकडा पुढे केला, माझ्या आईपुढे गुळासाठी हात करायची तसा हात करून.

मेंढपाळाची बायको किंचाळली. कळशी तिच्या हातून फेकली गेली की पडली माहीत नाही. ती धावली, मी धावले. लांडग्यानं तुकडा घेतला. मुलीच्या हातातून घेतला. मग थाळीत तोंड घातलं, थाळी उलटली, मुलगी मागे पडली. तोवर तिची आई पोचली होती. तिनं मुलीला उचललं आणि लांडग्याच्या अंगावर अशी ओरडली की तो भाकरी तोंडात धरून मागे हटला. बांधावर जाऊन थांबला. तिथे उभा राहून त्यानं भाकरी खाल्ली.

मुलीला ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही दोघींनी तिचे हात, बोटं, गाल, मान, सगळं उजेडात तपासलं. लाळ लागली असेल म्हणून मी तिचे हात साबणानं हौदाच्या धारेखाली धूत राहिले. पुस्तकात होतं: लांडगा किंवा कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं खूप वेळ धुवायची, मग सरकारी दवाखान्यात इंजेक्शन. इथे जखम नव्हती. मी तरी धूत राहिले. मुलीला पाण्याची मजा वाटत होती.

ओरडा ऐकून मेंढपाळ धावत आला. बायकोनं एका दमात सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मेलेलं करडू हाय पालामागं," तो म्हणाला. "त्यात औषध घालतो. उद्याच्याला माळावर टाकतो. इषय खलास."

"त्यो हातातली भाकर खातोय," बायको म्हणाली. "रानातलं जनावर हाताला येतंय? कुनी तरी चटक लावली ह्येला. कोन घालतंय खायाला?"

आई अंगणात ताट घेऊन उभी होती. अंड्याचा रस्सा, दोन भाकऱ्या. मेंढपाळाच्या बायकोची नजर ताटावर गेली आणि तिथेच राहिली.

"मी," आई म्हणाली. "मी घालते. लेकासाठी नेत हुते. दगडावर ठिवून येते."

मुलीनं वाळा वाजवला.

"मावशी," मेंढपाळाची बायको म्हणाली, "तुमचं काय जळतंय ते मला कळतंय. पर आमी हतं उघड्यावर पोर घिऊन ऱ्हातो. मला येकच हाय."

"मला बी येकच हुता," आई म्हणाली.

मी तिच्या शेजारीच उभी होते. मला ते लागलं असावं. नक्की सांगता येत नाही, कारण तेव्हा काहीच लागत नव्हतं. माझ्या हाताला साबणाचा फेस होता एवढं आठवतं.

मेंढपाळ म्हणाला, "मग उद्या औषध घालतो."

"न्हाई," आई म्हणाली. "इख न्हाई घालायचं. त्यानं माझ्या लेकाचं जेवन खाल्लंय."

"मग काय करू? ववाळू का त्येला?"

बायकोनं त्याला कोपर मारलं. आईला राग आला नाही. ती ताटाकडे बघत होती. रस्सा कलंडून तिच्या अंगठ्यावर आला होता.

मी सपाट दगडावर जाऊन वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. भाऊ गेल्यानंतर त्या दगडावरून मी केलेला तो पहिला फोन. दुसऱ्या दिवशी एक वनरक्षक मुलगी मोटरसायकलवर आली. उन्हानं रापलेली, भरभर बोलणारी. तिनं माळ पाहिला, माग पाहिले, आईचं सगळं ऐकून घेतलं. लांडगा पिसाळलेला दिसत नाही, म्हणाली. पिसाळलेलं जनावर असं रोज वेळेवर जेवायला येत नाही. विष घातलं तर गुन्हा आहे, आणि आधी मेंढपाळाचीच कुत्री मरतील. मेलेलं करडू पुरून टाका. पोरीला पालाबाहेर एकटी सोडायची नाही, खरकटं उघड्यावर टाकायचं नाही.

"आणि मावशी, ताट बंद," ती म्हणाली. "नुसतं बंद करून भागणार नाही. जिथं खायला मिळालं तिथं त्याला भीती मिळाली पाहिजे. ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांनीच हाकललं तर लवकर कळतं. तुम्ही यायला पाहिजे."

आईनं विचारलं, "येताना मागं बघायचं का?"

वनरक्षक मुलीला प्रश्न कळला नाही. तिनं साधं उत्तर दिलं. "बघायचंच की. त्याच्याकडं तोंड करूनच मागं यायचं. लांडग्याला पाठ दाखवायची नाही."

संध्याकाळी आईनं स्वयंपाक केला नाही. ताट घासलं, पुसलं आणि रिकामं ताट घेऊन निघाली.

मेंढपाळाच्या बायकोनं मुलीला घेऊन आमच्या घरात दार लावून बसायचं ठरलं. मेंढपाळ, वनरक्षक मुलगी, आई आणि मी दगडापाशी गेलो. कुत्री बांधून ठेवली होती. सूर्य माळाला टेकला होता. तरवडाचं झुडूप हललं आणि लांडगा बाहेर आला. इतकी माणसं बघून तो थांबला. मेंढपाळानं काठी आपटून आरोळी दिली, वनरक्षक मुलीनं डबा वाजवला. लांडगा बाजूला सरकला, पण गेला नाही. आमच्या तिघांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो आईकडे बघत होता. आईच्या हातातल्या ताटाकडे.

आई त्याच्याकडे बघत होती. इतके दिवस तिनं कोणाला जेवू घातलं ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तिनं त्याला पायापासून कानापर्यंत पाहिलं. माणूस बाजारात एखादी वस्तू बघतो तसं नव्हे, परगावाहून आलेल्याला दारात बघतो तसं. लांडगा एक पाऊल पुढे आला.

तिनं खाली वाकून धोंडा उचलला आणि ताटावर आपटला. आवाज माळभर गेला. पुन्हा आपटला. लांडगा दचकून मागे उडाला, त्याचं शेपूट पोटाखाली गेलं. आई पुढे चालत गेली आणि ताट बडवत राहिली. तिच्या तोंडातून काही तरी निघत होतं, पण शब्द नव्हते. मग शब्द आला. "जा," ती ओरडली. "जा आता. जा!" आमच्या घरात बाहेर निघालेल्याला कोणी असं म्हणत नाही. भावाला अपघाताच्या दिवशी सकाळी तिनं "ये" म्हटलं होतं.

लांडगा पळाला. टेकाडाच्या कडेला एकदा थांबून त्यानं मागे पाहिलं. आईनं पुन्हा ताट वाजवलं. मग तो दिसला नाही.

परत येताना आम्ही उलट्या चाललो. मेंढपाळ आणि वनरक्षक मुलगी आमच्या दोन्ही अंगांना होते. आईचं तोंड दगडाकडे, ताट छातीशी. मी तिच्या कमरेला हात घालून मागे बघत तिला सांगत होते, इथे खड्डा आहे, इथे धोंडा आहे, आता बांध आला, पाय उचल. ती पाय उचलायची. सबंध वाट तिची नजर त्या दगडावर होती. त्यावर काही नव्हतं. ते तिला दिसत होतं आणि ती बघत होती. पाठीवर घेतलेलं लहान मूल जसं मागे मागे बघत जातं, तसं. रडली नाही.

पुढे काही संध्याकाळी आम्ही तसंच गेलो. एकदा तो दूरवर दिसला, आवाज केल्याबरोबर गेला. नंतर दिसला नाही. एके दिवशी दुपारी मेंढपाळ सांगत आला की लांडगा लांबच्या टेकाडावर दिसला, त्याला बघताच पळाला. "शानं झालं," तो म्हणाला. "आता मेंढरं चोरायला येईल, रीतीपरमानं." त्याची बायको म्हणाली, "तुला बरं वाटलं व्हय?" त्याला बरं वाटलेलं दिसत होतं.

त्यांचा मुक्काम ठरल्याप्रमाणे पुरा झाला. सगळं वावर बसवून झालं. जायच्या दिवशी मुलगी घोड्यावर बोजात बसली होती. तिनं आईपुढे हात केला. आईनं गुळाचा खडा दिला आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटवली. मेंढपाळाची बायको म्हणाली, "येतो मावशी. फुडल्या साली बी येतो. चालंल ना?"

"या," आई म्हणाली. "फोन हिला करा." तिनं माझ्याकडे बोट केलं.

त्यांचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत आम्ही ओट्यावर होतो. मग आई आत गेली, चूल पेटवली. मी पाट मांडला. तिनं माझ्यापुढे ते ताट ठेवलं. धोंडा आपटून त्याचं बूड वाकलं होतं. जमिनीवर ठेवलं की एका बाजूला डुलायचं. काठावरचं नाव तसंच होतं. तिनं भाकरी वाढली, वर अंड्याचा रस्सा. मी एक घास घेतला.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ताट डुलू नये म्हणून काठाखाली बोट धरून बसली.

"खा," ती म्हणाली.